खाण्याच्या गोगलगायी आणि मागूर एकत्र पाळायचे आहेत? मग आधी उरलेलं खाद्य काढायला शिका

हे दोन्ही प्राणी एकत्र पाळायची कल्पना ऐकली की लोक पहिला प्रश्न विचारतात, यांना खायला काय घालायचं? मी म्हणतो हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की त्यांनी न खाल्लेलं तुम्ही किती वेळात बाहेर काढणार. गोगलगायीच्या पेटीत पान सडलं की बुरशी येते, माश्या येतात, बारीक किडे होतात. मागूरच्या टाकीत खाद्य तळाला बसलं की अमोनिया हे विष तयार होतं, आणि दोन्हीकडे मरतूक बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. उपासमारीने मेलेले मासे मी अजून पाहिले नाहीत, जास्त खाद्याने खराब झालेल्या पाण्यात मेलेले भरपूर पाहिलेत. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते वाचताना हे डोक्यात ठेवा.

अजून एक गोष्ट काहीही विकत आणायच्या आधी. तुम्ही जिथे राहता तिथे कुठली जात पाळायला परवानगी आहे ते मत्स्य आणि कृषी खात्यात जाऊन विचारा, फोनवर नको, प्रत्यक्ष. भारतात आफ्रिकन मागूर म्हणजे क्लेरियस गॅरिपायनस, ज्याला लोक थाई मागूर म्हणतात, त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, देशी मागूरवर नाही. अमेरिकेत आफ्रिकन राक्षसी गोगलगाय परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही. ही बंदी उगाच नाहीये. ही गोगलगाय जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परकीय प्रजातींच्या यादीत आहे, शेकड्यांनी अंडी घालते, दिसेल ते पीक खाते आणि एकदा पिंजऱ्याबाहेर पसरली की आवरत नाही. आफ्रिकन मागूर ओढ्यात सुटला तर तिथले स्थानिक मासे खाऊन टाकतो. म्हणून ज्या जातीला परवानगी आहे तीच घ्या, आणि ती पण बाहेर जाणार नाही अशीच ठेवा.

कुठली जात

गोगलगायींमध्ये थंड, मध्यम हवेसाठी कॉर्नू आस्पर्सम, ही युरोपात सगळ्यात जास्त पाळली जाते, आकाराने लहान पण वाढ लवकर, फार्मवर नीट ठेवली तर ५-६ महिन्यांत तयार होते. गरम दमट हवेसाठी पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या जाती आहेत, आर्काकॅटिना मार्जिनाटा, अकॅटिना अकॅटिना वगैरे, त्या मोठ्या होतात पण विकण्याजोग्या व्हायला वर्षभर किंवा जास्त पण लागू शकतं, इथे घाई करून उपयोग नाही. हेलिक्स पोमाशिया नावाची एक मोठी युरोपियन जात आहे, चवीला नावाजलेली, पण वाढायला दोन वर्षं आणि पुढे घेते, नवख्या माणसाने तिच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत.

मासा म्हणून मी इथे क्लेरियस वंशातला मागूर धरलाय. याला कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो, त्यातून तो सरळ हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यात पण जगतो. पण यावर जास्त विसंबू नका, कारण अगदी लहान पिल्लांना हा अवयव तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोपर्यंत ती पाण्यातल्या ऑक्सिजनवरच असतात, आणि दुसरं म्हणजे मोठा मासा घाण पाण्यात जगतो याचा अर्थ तो तिथे वाढतो असा नाही. जगणं वेगळं आणि वजन धरणं वेगळं.

गोगलगायीची पेटी

सुरुवात पेटीत करा, मोकळ्या वाफ्यात नको. लाकडी किंवा प्लास्टिकची पेटी, तळाला पाणी निघायला भोकं, वर बारीक जाळीचं झाकण आणि झाकण घट्ट बसणारं हवं कारण गोगलगाय हळू चालत असली तरी रात्रभर चालते, सकाळी शोधत बसायची वेळ येते. आत माती लहान जातीसाठी १० ते १५ सेंमी, मोठ्या जातीसाठी २० ते २५ सेंमी, अंडी ती मातीत घालतात म्हणून. माती भुसभुशीत पाहिजे. चिकण माती पाणी धरून बसते, रेताड माती लगेच सुकते, आम्ल माती शंखाला वाईट. मुठीत दाबून बघा, गोळा झाला पाहिजे आणि बोट लावलं की फुटला पाहिजे, आणि बोटांतून पाणी गळत असेल तर ती जास्त ओली आहे. ज्या मातीवर औषध फवारलं असेल ती अजिबात नको.

पेटी सावलीत ठेवायची, वारा सरळ लागणार नाही अशी, वारा माती सुकवतो. कॉर्नूला साधारण १८ ते २४ अंश मानवतं, मोठ्या आफ्रिकन जातींना २५ ते ३०. हवेत दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर ठेवा. सुकं झालं की गोगलगाय शंखात जाऊन तोंडाला पातळ पापुद्रा लावून झोपते, मरत नाही पण वाढ थांबते. म्हणजे तुमची गोगलगाय दिवसेंदिवस झाकण लावून बसलेली दिसली तर तिला आजारी समजू नका, आधी पाण्याचा स्प्रे मारा. संध्याकाळी एकदा बारीक फवारा, उन्हाळ्यात सकाळी पण. चिखल नाही करायचा.

गर्दी हा मोठा घात आहे आणि तो लक्षात येत नाही, कारण गर्दीत गोगलगायी लगेच मरत नाहीत, आधी फक्त वाढायच्या थांबतात. सगळीकडे चिकट स्राव साचतो, तो त्यांचा त्यांनाच बाधतो, अंडी पण कमी घालतात. लहान जात असेल तर चौरस मीटरला किलोभर, मोठ्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या असतील तर १० ते १५ नग, यापेक्षा जास्त नको. पेटीच्या भिंती आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, साबण नको.

खायला संध्याकाळी द्यायचं कारण त्या रात्रीच्या. कोबी, लेट्युस, पपईची पानं, काकडी, भोपळा, रताळ्याचा पाला, पिकलेली फळं. त्यासोबत सोया-मक्याच्या पिठाचं कोरडं मिश्रण दिलं तर वाढ चांगली होते. आणि कॅल्शियम, हे विसरलात तर बाकी सगळं फुकट, कारण शंख त्याचाच बनतो आणि शंख वाढला नाही तर आतलं अंग पण वाढत नाही. कोरड्या मिश्रणात एक तृतीयांशाच्या आसपास चुनखडीची पावडर, नाहीतर धुऊन वाळवून दळलेली अंड्याची टरफलं किंवा शिंपले. इथे एक चूक लोक करतात, चुना म्हटलं की कळीचा चुना टाकतात. तो अंग भाजतो, चुकूनही नको. न भाजलेल्या चुनखडीची साधी पावडर ती वेगळी, दुकानदाराला दोनदा विचारून घ्या.

मीठ नाही, मिठाचं काहीही नाही, उरलेली भाजी-आमटी तर नाहीच. मीठ त्यांच्या अंगातलं पाणी ओढून काढतं.

सकाळी उठलं की पहिलं काम, रात्रीचं उरलेलं काढा. रोज पाव पेटी पाला उरत असेल तर तुम्ही जास्त घालताय, दुसऱ्या दिवशी कमी करा, काहीच उरलं नाही तर थोडं वाढवा, एवढं साधं आहे.

अंडी आणि पिल्लं

प्रत्येक गोगलगायीत नर-मादी दोन्ही अवयव असतात, तरी जोडी जमावी लागते, आणि मग दोघीही अंडी घालू शकतात. त्यामुळे नर किती मादी किती ही कटकटच नाही. कॉर्नू एका वेळी ८० ते १०० च्या आसपास अंडी घालते, मातीत दोन-चार सेंमी खोल खड्डा करून, मान आत घालून तासन् तास बसते, त्या वेळी तिला हलवू नका. मार्जिनाटासारखी मोठी जात मोजकीच अंडी घालते पण आकाराने चांगली मोठी. अंडी चमच्याने मातीसकट उचलून वेगळ्या डब्यात ओलसर मातीत ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा. कॉर्नूची पिल्लं २ ते ४ आठवड्यांत बाहेर पडतात, आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खातात (कॅल्शियमच ना ते पण), काही दिवस मातीतच राहतात, वर दिसली नाहीत म्हणून उकरत बसू नका. वर आली की कोवळी पानं आणि अगदी बारीक कॅल्शियम. मोठ्यांत लगेच मिसळायची नाहीत.

तयार झालेली कशी ओळखायची? कॉर्नूच्या शंखाच्या तोंडाशी कड बाहेर वळून जाड होते, ओठासारखी. ती कड बोटाला टणक लागली की पूर्ण वाढ झाली. कड पातळ असेल आणि दाबली की मोडते असं वाटलं तर अजून थांबा.

मागूरची टाकी

टाकी सिमेंटची, ताडपत्रीची किंवा जाड प्लास्टिकची, पाणी मीटरभर खोल. नवीन सिमेंटची टाकी असेल तर मासे सोडायची घाई करू नका, सिमेंट पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा खारट-अल्कधर्मी आहे त्याचं माप, खूप वर नेतं. पाणी भरून चार-पाच दिवस ठेवा, सोडून द्या, परत भरा, असं दोन-तीनदा, आणि मग पीएच मोजा, साडेसहा ते साडेआठमध्ये आला की ठीक. पीएच आणि अमोनियाची टेस्ट किट घ्याच, यावर पैसे वाचवू नका. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन माशाला मारतं, उघड्या भांड्यात दिवस-दोन दिवस ठेवून मग वापरा, आणि पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनसारखंच जंतुनाशक) घालत असतील तर ते नुसतं ठेवून जात नाही, त्यासाठी वेगळं द्रावण मिळतं.

वर जाळी हवीच. मागूर उडी मारतो, आणि पावसाच्या रात्री तर टाकीच्या कडेवरून निघून जमिनीवरून सरपटत जातो, ओल असेल तर लांब जातो. पाणी सोडायच्या पाईपला पण जाळी. मघाशी ओढ्याचं बोललो ते याचसाठी.

किती सोडायचे? ३ बाय २ मीटरची टाकी, मीटरभर पाणी, म्हणजे ६ हजार लिटर. हाताने पाणी बदलणाऱ्या नवख्या माणसाने यात २०० मासे सोडावेत. यापेक्षा खूप जास्त ठेवणारे लोक आहेत पण त्यांच्याकडे पंप असतो, फिल्टर असतो, रात्री जागायला माणूस असतो.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, एकाच मापाची घ्या, ८ ते १० सेंमीची, चपळ, अंगावर पांढरे डाग नसलेली, मिशा शाबूत असलेली. पिशवी आणली की तशीच टाकीच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, मग टाकीचं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला आणि मासे आपले आपण बाहेर जाऊ द्या. पहिल्या दिवशी खाद्य नको.

आता मागूरची सगळ्यात वाईट खोड. मोठा लहानाला खातो. थोडाफार नाही, सगळाच गिळतो, आणि गिळणारा अजून मोठा होतो आणि अजून गिळतो, म्हणून २०० सोडलेले मासे महिन्याभरात १३०-१४० भरले आणि एकही मेलेला तरंगताना दिसला नाही असं झालं तर चोर बाहेर शोधू नका, चोर टाकीतच आहे. पहिले दोन महिने दर दोन-तीन आठवड्यांनी मासे काढून मापाप्रमाणे वेगळे करायचे, मोठे एका टाकीत, बारके दुसऱ्या. म्हणजे टाकी एक नाही, निदान दोन लागतात, हे बजेट करतानाच धरा. वेगळे करायच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवा, काम पहाटे गारव्यात करा, आणि हातात धरताना सांभाळून कारण बाजूच्या परांना धारदार काटा असतो, अंगाला खवले नसल्यामुळे मासा निसटतो आणि काटा हातात जातो. जाळीनेच उचला. उपाशी मासे एकमेकांना जास्त खातात म्हणून लहानपणी दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाद्य.

खाद्याचं गणित सोपं आहे. लहान असताना वजनाच्या ५ टक्के, मोठा होत जाईल तसं ३, मग २. वीस ग्रॅमचे २०० मासे म्हणजे ४ किलो, त्याचे ५ टक्के म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम. तेच मासे ३०० ग्रॅमचे झाले की ६० किलो, ३ टक्क्यांनी १ किलो ८०० ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी २०-२५ मासे बादलीत घेऊन वजन करा आणि आकडा बदला, अंदाजाने नको. लहान माशांच्या खाद्यात प्रथिनं ४० ते ४५ टक्के, नंतर ३२ ते ३५ पुरतात. दाणा तोंडाच्या मापाचा, २ मिलीमीटरपासून सुरू करून वाढवत न्यायचा. तरंगणारं खाद्य महाग असतं तरी सुरुवातीला तेच घ्या कारण काय उरलं ते डोळ्यांनी दिसतं! पंधरा-वीस मिनिटांनी दाणे तरंगतच असतील तर थांबा आणि उरलेले जाळीने काढा. एक किलो मासा तयार व्हायला साधारण १ ते दीड किलो खाद्य जातं, तुमचं २ किलोच्या वर जात असेल तर ते माशाच्या पोटात नाही, पाण्यात जातंय.

पाणी कधी बदलायचं तर नाकाला विचारा आणि किटला विचारा. वास आला, फेस आला, खाणं कमी झालं, मासे सारखे वर येऊन तोंड लावतायत (मागूर अधूनमधून वर येतोच, पण सारखा यायला लागला तर), तर त्या वेळी खाद्य बंद आणि एक तृतीयांश पाणी बदला. तळातलं पाणी काढा, वरचं नाही, घाण खाली असते. एकदम सगळं पाणी बदलून माशांना धक्का देऊ नका. अमोनियाचं एक लक्षात ठेवा, पीएच आणि तापमान वाढलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणजे हिरव्यागार पाण्यात भर दुपारी धोका सगळ्यात जास्त. आणि ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. म्हणून टाकीकडे दोन वेळा जायचंच, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा, जरी सगळं ठीक वाटत असलं तरी.

मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून निघालेली अगदी बारीक पिल्लं, घरी काढायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. त्याला मादीला हार्मोनचं इंजेक्शन लागतं, आफ्रिकन मागूरमध्ये नराचं मिल्ट (वीर्य) काढायला बहुतेक ठिकाणी नर मारावाच लागतो, अंडी दीड दिवसाच्या आत फुटतात आणि तीन दिवसांनी पिल्लांना जिवंत बारीक खाद्य हवं असतं. शिकण्यासारखं काम आहे पण आधी बोटुकलीपासून मासा विकण्याएवढा करून दाखवा.

दोन्ही शेजारी ठेवले की काय होतं

फायदा सरळ आहे, टाकीतून काढलेलं पाणी खत आहे. ते पपई, भोपळा, रताळी, पालेभाजी यांना द्या आणि तो पाला, वरून धुऊन, गोगलगायींना घाला. टाकीचं पाणी थेट गोगलगायीच्या पेटीत मारू नका, त्यातली घाण आणि अमोनिया त्यांच्या ओल्या अंगाला लागतो.

तोटे मात्र कोणी सांगत नाही. पहिला, मीठ. माशाला जखम झाली, बुरशी आली की मिठाच्या पाण्याची अंघोळ घालतात आणि ती उपयोगी पण आहे. पण तेच पाणी रोजच्या सवयीने पालेभाजीच्या वाफ्यात सोडलं, किंवा त्याच बादलीने, त्याच हाताने पेटीत काम केलं तर गोगलगायी जातात. म्हणून दोन बादल्या, दोन रंगांच्या, आणि मिठाचं पाणी वेगळीकडे सोडायचं. मी हे रंगाचं फार कडक पाळतो, घरातल्या लहान मुलाला पण माहीत आहे कुठली बादली कुठली.

दुसरा, उंदीर. माशाचं खाद्य म्हणजे उंदरांना आमंत्रण, ते पोत्यासाठी येतात आणि मग गोगलगायी पण खातात. पण नुकसानीपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक जंत आहे, अँजिओस्ट्राँजिलस, त्याच्या अळ्या उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीत जातात आणि अशी कच्ची-अर्धी शिजलेली गोगलगाय माणसाने खाल्ली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. त्यामुळे खाद्य पत्र्याच्या पिंपात झाकण लावून ठेवा, पेटीची जाळी उंदराला कुरतडता येणार नाही अशी धातूची घ्या, गोगलगायी हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि खाताना पूर्ण शिजवूनच. इथे तडजोड नाही. रानातून उचललेल्या गोगलगायी पेटीत मिसळू नका, त्यांनी काय खाल्लंय, कुठलं औषध लागलंय काही कळत नाही.

तिसरं, मेलेल्या गोगलगायी टाकीत फेकायची सवय. मागूर काहीही खातो म्हणून लोक टाकतात. टाकायच्याच असतील तर ताज्या आणि उकळून. सडलेल्या तर नाहीच. आणि टाकीच्या भिंतीला आपोआप येणाऱ्या पाण्यातल्या गोगलगायी वेगळ्या, त्या माशांना जंत देतात, दिसल्या की काढा.

मुंग्यांसाठी पेटीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा. मुंग्यांची पावडर किंवा कुठलंही कीटकनाशक आसपास नको, ते गोगलगायींना पण लागतं आणि पाण्यात गेलं तर माशांना पण.

काढणी

आफ्रिकन मागूर ५-६ महिन्यांत किलोच्या आसपास होतो, देशी मागूर याहून बराच हळू वाढतो, पाणी आणि खाद्य बरोबर राहिलं तर. विकायच्या आधी २४ तास खाद्य बंद, म्हणजे पोट रिकामं राहतं आणि नेताना पाणी घाण होत नाही. आधी गिऱ्हाईक ठरवा मग जाळं घाला. विकण्याजोगा झालेला मासा महिनाभर नुसता ठेवला तर खातो भरपूर आणि वाढतो कमी, सगळा नफा तिथेच जातो. टाकी रिकामी झाली की घासून, उन्हात पूर्ण वाळवून मगच पुढची बॅच.

गोगलगायी ५ ते ७ दिवस उपाशी ठेवायच्या, माती नसलेल्या स्वच्छ जाळीच्या पेटीत, रोज धुवायची पेटी, म्हणजे आतडं साफ होतं. या दिवसांत एखादी मेली तर लगेच काढा, वासावरून कळतं. सगळ्या विकू नका. ज्या सगळ्यात लवकर वाढल्या आणि ज्यांचा शंख जाड, न चिरलेला आहे अशा बाजूला काढून बीजासाठी ठेवा, लोक नेमक्या त्याच मोठ्या म्हणून आधी विकतात आणि मग दुसऱ्या वर्षी पिल्लं बारकी का म्हणून विचारतात. त्यांच्या पेटीतली माती बदला, नवी तारीख टाका.